‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून मोबदला घेताना

जमीन संपादनात गेली, निवाडा झाला, आकडा पटत नाही. पण सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, मुलाचं शिक्षण आहे, उरलेल्या रानात नवी विहीर पाडायची आहे, त्यामुळे पैसे तर लागणारच. अशा वेळी कुणीतरी जाणता माणूस सांगतो, ‘पैसे घे, पण अंडर प्रोटेस्ट घे.’ हे दोन शब्द कशासाठी लिहायचे, कुठे लिहायचे, लिहिल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना भूसंपादन नवं नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं आणि त्यांचे कालवे इथल्याच जमिनींवर झाले. नंतर पुणे-नाशिक महामार्गाचं रुंदीकरण आणि मंचर, नारायणगाव या भागातले बायपास आले. पुणे-नाशिक रेल्वेचा विषय अजून चालूच आहे. इतकं सगळं होऊनही वाचकांचे प्रश्न तेच राहिले आहेत:

- हे शब्द लिहिले की साहेब पैसे अडकवून ठेवतात का?
- मराठीत लिहिलं तर चालतं की इंग्रजीतच लिहावं लागतं?
- शब्द लिहिले, पैसे आले. आता वाढीव मोबदला आपोआप मिळेल ना?
- आम्ही काहीच न लिहिता सही केली. आता हक्क गेला का?

पहिल्या तिन्ही प्रश्नांत गैरसमज दडलेला आहे. चौथ्याचं उत्तर ‘बहुधा, पण नेहमीच नाही’ असं आहे. आता एकेक बाब पाहू.

या दोन शब्दांनी काय होतं, काय होत नाही

‘अंडर प्रोटेस्ट’ पैसे घेणं म्हणजे आपली हरकत कायम ठेवून, हक्क राखून पैसे घेणं. पैसे नाकारणं वेगळं आणि हे वेगळं. तुम्ही सरकारला एवढंच कळवता, की ही रक्कम मी स्वीकारतो आहे, पण ती पुरेशी आहे हे मला मान्य नाही.

भूसंपादनात या शब्दांना वजन आहे, कारण ते थेट कायद्यात आहेत. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याचं कलम ७७ सांगतं, की रक्कम अपुरी आहे असा निषेध नोंदवून कुणालाही मोबदला घेता येतो. त्याच कलमात पुढे असंही आहे, की ज्याने असा निषेध न नोंदवता रक्कम घेतली, त्याला कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येणार नाही. १८९४ च्या जुन्या कायद्यातही कलम ३१ मध्ये हीच अट होती. म्हणजे हे शब्द वकिलांनी काढलेली पळवाट नाहीत. कायद्यानेच तुम्हाला तो मार्ग दिला आहे, तेव्हा तो वापरताना संकोच बाळगायचं कारण नाही.

पैसे अडकण्याची भीतीही निराधार आहे. निषेध नोंदवून रक्कम घेण्याची मुभा कायद्यानेच दिली असल्यामुळे ‘आधी ते शब्द खोडा, मग पैसे सोडतो’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. तोंडी तसं सांगितलं गेलं, तर तेच लेखी द्या म्हणा.

उलट रक्कम अजिबात घ्यायची नाही असं ठरवलंत, तर ती मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा केली जाते आणि ताबा घेण्याची प्रक्रिया पुढे सरकते. ताब्याआधी रक्कम दिली नाही किंवा जमाही केली नाही, तर सरकारला कलम ८० प्रमाणे पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज द्यावं लागतं. पण एकदा रक्कम जमा झाली, की हा व्याजाचा आधार राहत नाही. केवळ राग म्हणून पैसे नाकारण्यात शेतकऱ्याचा फायदा झालेला मी क्वचितच पाहिला आहे. पैसे घ्या, वापरा आणि हक्कही शाबूत ठेवा.

मात्र या शब्दांमुळे प्रकल्प थांबत नाही, ताबा टळत नाही आणि वाढीव रक्कमही आपोआप मिळत नाही. ते फक्त दार उघडं ठेवतात. त्या दारातून आत जायचं, तर मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो.

आधी पाहा, जमीन कोणत्या कायद्याखाली जाते आहे

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. शेजारच्या गावात एकाने जे केलं, ते दुसरा तसंच करतो. पण दोघांच्या जमिनी वेगवेगळ्या कायद्यांखाली गेलेल्या असतात. हातातल्या नोटिशीच्या पहिल्या काही ओळींत कायद्याचं नाव आणि कलम असतं. ते वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.

- २०१३ चा भूसंपादन कायदा. ‘अंडर प्रोटेस्ट’ची अट, कलम ६४ चा अर्ज आणि सहा आठवड्यांची मुदत या तिन्ही गोष्टी इथे लागू होतात. या लेखातला बराचसा भाग या जमिनींबद्दल आहे.
- १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. पुणे-नाशिक किंवा माळशेज घाटातून ओतूर-आळेफाट्याकडे येणारा कल्याण-नगर महामार्ग अशा रस्त्यांसाठी. इथे कलम ३जी(५) खाली लवादाकडे जावं लागतं.
- रेल्वे कायदा. विशेष रेल्वे प्रकल्प म्हणून संपादन झालं, तर रकमेचा वाद इथेही लवादाकडेच जातो.
- थेट खरेदी. पुणे-नाशिक रेल्वेसाठी महारेलने हीच पद्धत वापरली. हे संपादन नसून खरेदीखत आहे आणि त्याचे परिणाम पूर्णपणे वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे २०१३ च्या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे संपादनाआधी ग्रामसभेची संमती लागते. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाची जमीन असेल, तर मोबदल्याचा किमान एक तृतीयांश हिस्सा पहिला हप्ता म्हणून सुरुवातीलाच द्यावा लागतो. डिंभ्याच्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, त्यांच्या काळात असं संरक्षण नव्हतं. आज ते आहे, तेव्हा ते मागून घ्या.

पैसे खात्यात येण्याआधी करायच्या गोष्टी

पूर्वी मोबदल्याचा धनादेश कार्यालयात मिळायचा आणि पावतीवर सही करतानाच ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहिता यायचं. आता रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. मोबाइलवर संदेश येतो, आणि आपण केव्हा काय स्वीकारलं हेच माणसाला कळत नाही. म्हणून निषेध आधीच लेखी नोंदवून ठेवायला हवा. क्रम असा ठेवा:

1. निवाड्याची प्रत मिळवा. फक्त तुमच्या नावासमोरचा आकडा नको. दर कसा ठरवला, गुणांक किती धरला, विहीर-झाडं-बांधकामाचं मूल्यांकन किती केलं, हे सगळं असलेली पूर्ण प्रत मागा. संयुक्त मोजणीच्या नकाशाची प्रतही घ्या.
2. बँक खात्याचा तपशील देतानाच निषेधाचं पत्र द्या. पासबुकची झेरॉक्स, रद्द केलेला धनादेश आणि हे पत्र एकत्रच द्या.
3. पोच घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. टेबलावर पत्र ठेवून आलात, तर ते दिलं असं कुणी मानणार नाही. घ्यायला नकार मिळाला, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.
4. छापील फॉर्म वाचा. हमीपत्र, बंधपत्र, प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र असे कागद एका गठ्ठ्यात समोर येतात. त्यात ‘मोबदला मला मान्य असून माझी कोणतीही तक्रार नाही’ असं वाक्य असतं. ते खोडा, शेजारी सही करा आणि निषेधाचं वाक्य हाताने लिहा.
5. सहीच्या अगदी वर लिहा. फॉर्मच्या मागच्या पानावर किंवा कोपऱ्यात लिहिलेलं नंतर ‘आमच्या नजरेस आलं नाही’ असं म्हणून बाजूला टाकता येतं.
6. अंगठा उठवणाऱ्यांनी विश्वासातल्या माणसाकडून निषेधाचं वाक्य लिहून घ्यावं, ते मोठ्याने वाचायला लावावं आणि त्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यावी.
7. सगळ्या कागदांचे फोटो काढा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही ठेवा.

पत्र विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांच्या किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या नावे, म्हणजे ज्यांच्या सहीने निवाडा झाला त्यांच्याच नावे द्यायचं. तलाठ्याकडे किंवा तहसील कचेरीत दिलेलं पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचेल याची खात्री धरू नका.

पत्रात काय लिहायचं

मराठीतच लिहा. राज्यकारभाराची भाषा मराठी आहे, इंग्रजीची सक्ती नाही. कायद्याला हवा आहे तो तुमचा निषेध, तो कोणत्या भाषेत आहे हा मुद्दा नाही. ‘निषेध नोंदवून’, ‘हक्क राखून’, ‘हरकत कायम ठेवून’ यांपैकी काहीही लिहिलंत तरी अर्थ पोहोचतो. तरीही मी सांगेन, की सोबत देवनागरीत ‘अंडर प्रोटेस्ट’ हेही लिहा. कचेरीपासून न्यायालयापर्यंत प्रत्येकाची नजर तिथे लगेच जाते. नमुना असा:

> मौजे ……, ता. जुन्नर / आंबेगाव, गट क्रमांक …… बाबत दिनांक …… रोजीच्या निवाड्याने ठरवलेली मोबदल्याची रक्कम अपुरी असून मला मान्य नाही. सदर रक्कम मी निषेध नोंदवून, म्हणजेच अंडर प्रोटेस्ट, आणि भूसंपादन कायदा २०१३ च्या कलम ६४ खालील माझे सर्व हक्क राखून स्वीकारत आहे. रक्कम माझ्या खात्यात जमा झाल्यामुळे मी निवाडा मान्य केला, असा अर्थ काढू नये. वाढीव मोबदल्यासाठी मी स्वतंत्र अर्ज करत आहे.

खाली नाव, सही, तारीख. एवढं पुरेसं आहे. रागाची भाषा, कुणावर आरोप, उपोषणाचा इशारा यातलं काहीही या पत्रात नको.

सहा आठवडे: खरी कसोटी

सर्वाधिक नुकसान इथे होतं. माणूस मोठ्या हिंमतीने ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहितो, मनातून निश्चिंत होतो, आणि कलम ६४ चा अर्ज करतच नाही. वर्ष-दीड वर्षाने वकिलाकडे जातो, तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

मुदत अशी आहे:

- निवाडा जाहीर झाला तेव्हा तुम्ही स्वतः किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल, तर निवाड्याच्या तारखेपासून ६ आठवडे.
- हजर नसाल, तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्याच्या तारखेपासून ६ महिने, यांत जे आधी संपेल ते.
- मुदत चुकलीच आणि कारण पटण्यासारखं असेल, तर पुढच्या १ वर्षाच्या आत आलेला अर्ज जिल्हाधिकारी स्वीकारू शकतात. मात्र तो त्यांच्या समाधानाचा भाग आहे, तुमचा हक्क नाही. आजारपणाचे कागद, नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेल्याचा पुरावा असं काही हातात असेल, तरच या सवलतीवर भिस्त ठेवा.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात भूसंपादन अधिकाऱ्यांकडे द्यायचा. त्यांनी तो ३० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवला पाहिजे. पाठवला नाही, तर प्राधिकरणाकडे थेट अर्ज करून तसा आदेश मागता येतो. कागद कचेरीत पडून राहिला म्हणून आपणही गप्प बसायचं, असं करू नका.

सोपा नियम हवा असेल तर हा घ्या: निषेधाचं पत्र आणि कलम ६४ चा अर्ज एकाच दिवशी, एकाच टेबलावर द्या आणि दोन्हींची पोच घ्या. मग मुदतीची चिंताच उरत नाही.

अर्जात कोणती कारणं मांडायची

‘रक्कम कमी आहे’ एवढ्यावर भागत नाही. अर्जात हरकतीची कारणं लिहावी लागतात. मोजणी चुकली, रक्कम कमी, पैसे भलत्याच माणसाच्या नावे, हिस्सेवाटप चुकलं, पुनर्वसनाचे हक्क डावलले, अशा कोणत्याही मुद्द्यावर अर्ज करता येतो. आपल्या भागात पुढच्या बाबी हटकून निसटतात:

दराचा आधार. कलम २६ प्रमाणे रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या खरेदीखतांची सरासरी यांत जे जास्त असेल ते धरायचं असतं. ही सरासरी काढताना आधीच्या ३ वर्षांतल्या नोंदणीकृत व्यवहारांपैकी जास्त किमतीचे निम्मे व्यवहार घ्यायचे. अधिकाऱ्यांनी कोणते गट घेतले ते निवाड्यात पाहा. रस्त्यालगतच्या बागायत जमिनीसाठी डोंगरकडेच्या जिराईत गटांची खतं घेतली असतील, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून योग्य खतांच्या नकला काढून जोडा.

गुणांक. ग्रामीण भागासाठी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत १ ते २ असा गुणांक आहे. तुमच्या निवाड्यात किती धरला आणि कशाच्या आधारे, हे विचारा. बाजारमूल्य आणि जमिनीवरच्या मालमत्तेची किंमत मिळून जी रक्कम येते, तिच्यावर तेवढंच, म्हणजे १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. त्यामुळे सुरुवातीच्या आकड्यात राहिलेली चूक शेवटी दुप्पट होऊन अंगावर येते.

जमिनीवरची मालमत्ता. विहीर, बोअर, जमिनीखालची पाइपलाइन, ठिबक, कांदाचाळ, गोठा, द्राक्षाचा मांडव, आंब्याची झाडं या सगळ्याचं मूल्यांकन वेगळं व्हायला हवं. गाडलेली पाइपलाइन पंचनाम्याच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती हमखास सुटते. खरेदीची बिलं, बँकेच्या कर्जाचे कागद, अनुदानाचे आदेश यांतून ती सिद्ध होते. फळझाडांचं वय आणि उत्पन्न दाखवायला सातबाऱ्यावरची पीकपाहणी आणि बाजार समितीच्या पट्ट्या उपयोगी पडतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातली किंवा मंचरच्या बाजार समितीतली पट्टी आपण विक्रीनंतर फेकून देतो. संपादनाच्या गावात राहत असाल तर ती जपून ठेवा.

तुटलेलं रान. माझ्या मते हा मुद्दा सर्वांत कमी मांडला जातो, आणि तोच सर्वांत खरा आहे. रस्ता शेताच्या मधून गेला, विहीर एका अंगाला आणि ऊस दुसऱ्या अंगाला राहिला. पाणी न्यायचं कसं? उरलेला तुकडा इतका चिंचोळा, की ट्रॅक्टर वळत नाही. भराव उंच झाल्यामुळे पावसाचं पाणी वाफ्यात तुंबतं. जमिनीचे असे तुकडे पडल्याचं आणि उरलेल्या जमिनीला पोहोचलेलं नुकसान मोबदला ठरवताना विचारात घ्यावं, असं कलम २८ स्पष्ट सांगतं. धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा खर्च आणि ताब्याच्या वेळी उभ्या पिकाचं झालेलं नुकसानही त्यात येतं. नकाशावर तुकडे रंगवून दाखवा, फोटो जोडा, पाणी वळवायला लागणाऱ्या खर्चाचं कोटेशन घ्या.

मोजणी. संयुक्त मोजणीतलं क्षेत्र आणि सातबाऱ्याचं क्षेत्र जुळत नसेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे स्वतंत्र मोजणीचा अर्ज करा. तो अर्ज केल्याची पावतीही पुरावा म्हणून चालते.

अर्ज मंजूर होऊन रक्कम वाढली, तर वाढीव भागावर कलम ७२ प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून पहिल्या वर्षासाठी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज मिळू शकतं. प्राधिकरणाचा निर्णय पटला नाही, तर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

सातबाऱ्यावर अनेक नावं असतील तर

भाऊ, बहिणी, चुलते अशी सामाईक नावं असतात. थोरला भाऊ सगळ्यांच्या वतीने धावपळ करतो आणि निषेधही एकटाच नोंदवतो. असं करू नका. ज्याच्या ज्याच्या खात्यात रक्कम जाणार आहे, त्या प्रत्येकाने आपल्या सहीचं पत्र आणि आपल्या नावाचा अर्ज द्यावा. एकत्र अर्ज करायचा असेल, तर त्यावर सगळ्यांच्या सह्या हव्यात.

बहिणींना विचारात न घेता रक्कम उचलली, तर कलम ७७ मध्ये तिसरी एक तरतूद आहे: ज्याने रक्कम घेतली, त्याच्यावर ती खऱ्या हक्कदाराला देण्याची जबाबदारी कायम राहते. ‘सरकारने माझ्या नावावर दिली’ हे उत्तर टिकत नाही. हिश्श्यावरून वाद असेल, तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि वर्षानुवर्षं तिथे पडून राहू शकते. म्हणून घरातला हिस्सा निवाड्याआधी लिहून ठरवा, वारसनोंदी पूर्ण करा.

न लिहिताच पैसे घेतले असतील तर

लगेच हात टेकू नका. दोन मार्ग पाहा.

पहिला, कलम ६४ ची मुदत अजून उरली असेल तर आजच अर्ज द्या. जुन्या कायद्याखालच्या अजितसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की वाढीव मोबदल्यासाठी अर्ज केला यातूनच निवाडा मान्य नसल्याचं दिसतं, तेव्हा निषेध त्यात गृहीत धरायला हवा. हा आधार वकिलांना सांगता येतो. पण तो हाताशी आहे म्हणून निषेध न लिहिण्याचा धोका पत्करू नका; प्रत्येक प्रकरणातली वस्तुस्थिती वेगळी असते.

दुसरा मार्ग कलम ७३. त्याच अधिसूचनेत गेलेल्या, तुमच्यासारख्याच जमिनीच्या दुसऱ्या मालकाला प्राधिकरणाने वाढीव दर दिला, तर तुम्ही स्वतः कलम ६४ चा अर्ज केला नसला तरी त्याच दराची मागणी करता येते. मुदत आहे प्राधिकरणाच्या त्या निर्णयापासून ३ महिने. निर्णयाचा दिवस आणि नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वगळतात. त्यामुळे गावात कुणी अर्ज केला आहे आणि त्याचं काय झालं, यावर लक्ष ठेवा. एका गावातल्या संपादितांनी आपसात यादी करून एकमेकांना कळवत राहिलं, तर ही मुदत कुणाचीच चुकणार नाही.

राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनी

इथे ‘अंडर प्रोटेस्ट’ न लिहिल्यास हक्क जाईल अशी थेट तरतूद नाही. रक्कम मान्य नसेल, तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे कलम ३जी(५) खाली अर्ज करायचा. तरीही रक्कम घेताना निषेधाचं पत्र द्याच. ‘यांनी खुशीने घेतली’ हा युक्तिवाद तिथेच संपतो. या कलमात अर्जाची मुदत लिहिलेली नाही म्हणून निवांत राहू नका. विलंबाचा आक्षेप येतोच, शिवाय काळ जाईल तसे खरेदीखतांचे आणि झाडा-विहिरींचे पुरावे हरवत जातात. लवादाचा निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून ३ महिन्यांत न्यायालयात आव्हान द्यावं लागतं.

२०१३ च्या कायद्यातल्या मोबदला आणि पुनर्वसनाच्या अनुसूची १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या संपादनालाही लागू आहेत. त्यामुळे १०० टक्के दिलासा रक्कम तिथेही मिळाली पाहिजे. निवाड्यात ती दिसते का, पाहा.

जिथे हे शब्द कामाचे नाहीत

- थेट खरेदीचं खरेदीखत. तुम्ही किंमत ठरवून, दुय्यम निबंधकांसमोर राजीखुशीने सही केलीत. त्यावर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून कलम ६४ चा हक्क मिळत नाही, कारण तिथे निवाडाच नसतो. थेट खरेदीत साधारणपणे जादा रक्कम देऊ करतात. ती स्वीकारायची की संपादनाची वाट पाहायची, हा निर्णय सही करण्याआधीच घ्या. नंतर मागे फिरता येत नाही.
- संमतीने झालेला निवाडा. करार करून दर मान्य केला असेल, तर नंतरचा निषेध पोकळ ठरतो.
- कोरे कागद. कोऱ्या फॉर्मवर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही करून दिलीत, तर वर काय लिहिलं जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. मोबदला लवकर मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थांकडून हे फार घडतं.
- कर्जाची तडजोड. एकरकमी परतफेडीत तुम्ही ठरलेली रक्कम मान्य करूनच भरता. तिथे निषेध लिहिल्याने तडजोडच मोडू शकते.

वीजबिलात मात्र याच शब्दांचा मोठा आधार

भूसंपादनाबाहेर हे शब्द सर्वांत जास्त कामी येतात ते वादग्रस्त वीजबिलात, आणि बहुतेक ग्राहकांना ते ठाऊक नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारची मोफत वीज योजना आहे. पण घर, दुकान, पिठाची गिरणी, शीतगृह यांचं बिल अचानक फुगून येतंच.

२००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं, की बिल थकलं तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल आणि ग्राहकाने निषेध नोंदवून, पुढच्या दोनपैकी जी कमी असेल ती रक्कम भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही:

- मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा
- मागच्या ६ महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारं दरमहाचं बिल.

समजा, दर महिन्याला सरासरी १,२०० रुपये बिल येणाऱ्या घराला एका महिन्याचं ४८,००० रुपयांचं बिल आलं. तर १,२०० रुपये निषेध नोंदवून भरा. मात्र ऑनलाइन पैसे भरताना निषेध लिहायला जागा नसते, म्हणून त्याच दिवशी उपविभाग कार्यालयात पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात मीटर तपासणीची मागणी करा. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रार करा. वाद चालू असेपर्यंत पुढची मासिक बिलंही अशीच भरत राहा. एक महिना चुकला की संरक्षण सुटतं.

विम्याच्या दाव्यातही असाच प्रसंग येतो. गाडीच्या किंवा आगीच्या दाव्यात ‘पूर्ण आणि अंतिम’ असा छापलेला डिस्चार्ज व्हाउचर पुढे करतात. पैशांची निकड असेल तर घ्या, पण सहीच्या वर ‘रक्कम अपुरी, निषेध नोंदवून स्वीकारली’ असं लिहा आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनोन्‌महिने गप्प राहून मग तक्रार केली, तर सही दबावाखाली केली हे पटवणं अवघड जातं.

वकील परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत. त्यासाठी जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. सोबत निवाड्याची प्रत, सातबारा, आठ-अ, मोजणी नकाशा, पासबुक आणि निषेध-पत्राची पोच न्या. निवाड्याची किंवा नोटिशीची तारीख कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून न्या. मुदत किती उरली आहे, हे वकील सगळ्यात आधी तिथेच पाहतात.